मुरलेला मोले आणि पुहोलची टॉर्टिया

पंचवीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, त्यामुळे कुठेही जेवायला गेले तरी माझी नजर आधी पोळीवर जाते. भाजी एक वेळ निभावून नेता येते. पोळी गार किंवा चिवट आली की समजायचं, आत कुणाचं लक्ष नाही. मेक्सिकोत पोळीच्या जागी मक्याची टॉर्टिया, एवढाच फरक. तेव्हा मेक्सिको सिटीतल्या पुहोल या नावाजलेल्या हॉटेलाबद्दल लिहिताना मी टॉर्टियालाच जास्त जागा देणार, हे आधीच सांगून ठेवते.

पण त्याआधी वाहाकातल्या एका जेवणाचं सांगायला हवं, कारण पुहोलच्या दारात मी पाऊल ठेवलं ते नाक मुरडूनच. लेक मेक्सिको सिटीत नोकरीला असते. तिनं आणि जावईबापूंनी मला आधी वाहाकाला नेलं. सात मोलेंचा प्रांत अशी त्याची ख्याती. मोले म्हणजे वाळवलेल्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, मसाले असं सगळं निरनिराळं भाजून, वाटून, मंद आचेवर आटवलेलं दाट कालवण. काळ्या मोलेसाठी तर मिरचीच्या बिया कोळसा होईपर्यंत जाळतात, मग त्या पाण्यात भिजवून त्यांचा कडवटपणा काढतात. त्या धुराचा ठसका ज्यांनी घेतलाय त्यांनाच त्या काळ्या रंगाची किंमत कळते. तर तिथल्या एका झगमगीत ठिकाणी (नाव नको) हा काळा मोले आमच्यापुढे आला तो फेस होऊन. चमचा घालेपर्यंत अर्धा फेस बसलाही. शेजारी बिस्किटाएवढी टॉर्टिया, थंडगार. वाढणारा मुलगा आधुनिक तंत्राबद्दल इतका वेळ बोलत होता की उरलेला फेसही बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘२० नोव्हेंबर’ नावाच्या तिथल्या बाजारात बाकावर बसून तोच मोले कोंबडीबरोबर खाल्ला आणि मनात पक्कं केलं की असल्या महागड्या प्रयोगांच्या नादी पुन्हा लागायचं नाही.

आणि लेकीनं तर पुहोलचं टेबल दोन महिने आधीच धरून ठेवलेलं. “आई, अगं एकदा चल तरी. नाही आवडलं तर घरी येऊन पिठलं करू.”

पोलांको हा मेक्सिको सिटीतला पैसेवाल्यांचा भाग. रस्त्यांना कवींची, शास्त्रज्ञांची नावं. पुहोल टेनिसनच्या रस्त्यावर आहे, २०१७पासून. मुळात ते एनरिके ओल्वेरा यांनी २००० साली सुरू केलं, तेव्हा त्यांचं वय जेमतेम चोवीस. न्यूयॉर्क राज्यातल्या पाककला संस्थेतून शिकून आलेला मुलगा. २०२४ साली हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिनची मेक्सिकोसाठीची पहिली यादी आली, तेव्हा देशात दोनच जागांना दोन तारे मिळाले: पुहोल आणि जवळच असलेलं किंतोनिल. किंतोनिलचे होर्हे व्हायेहो आधी पुहोलच्याच स्वयंपाकघरात होते. किंतोनिल ही खरं तर एक पालेभाजी, आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातली. एवढ्या मोठ्या हॉटेलाला माठाच्या भाजीचं नाव ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप आदर वाटला. तिथे जाणं मात्र या खेपेला जमलं नाही.

बाहेरून पुहोल म्हणजे एखादा जुना ऐसपैस बंगला. भपका नाही. आत बसलो आणि पहिल्यांदा समोर आलं ते एक वाळलेल्या भोपळ्याचं भांडं. झाकण काढलं तर धूर. आत मक्याच्या सालींवर काडीला टोचलेली बोटाएवढी कोवळी कणसं, वर पिवळट तपकिरी लेप. मेक्सिकोच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कणीस मिळतं, मेयोनीज, चीज आणि तिखट फासलेलं. हे त्याचंच रूप, फक्त इथल्या मेयोनीजमध्ये कॉफी, कोस्तेन्यो मिरची आणि चिकाताना नावाच्या मुंग्या वाटून घातलेल्या. वाहाकात पहिला पाऊस पडला की या पंखवाल्या मुंग्या वारुळातून बाहेर येतात. लोक त्या गोळा करतात, भाजतात, चटणीत वाटतात. सोमवार नव्हता, त्यामुळे मला पळवाट नव्हती. खाल्लं. चव विचाराल तर भाजलेल्या कारळाच्या चटणीच्या जवळची, तसाच तेलकट खमंगपणा आणि मागून हलका कडवटपणा. डोळे मिटून खायला दिलं असतं तर मी ‘कारळ जरा जास्त भाजलेत’ म्हणाले असते.

इथेच माझं वाकडं झालेलं नाक सरळ व्हायला लागलं. धूर हा तमाशा होता, कबूल, पण त्या धुराचा वास कणसात उतरलेला होता. वाहाकातल्या फेसाचं तसं नव्हतं. त्यात मोलेचं काहीच उतरलं नव्हतं, उलट मोलेतलं काहीतरी उडून गेलं होतं.

मधले तीन-चार प्रकार ऋतूप्रमाणे बदलतात. तुम्ही जाल तेव्हा दुसरंच काही असेल, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. टॉर्टियाकडे येते.

ती फडक्यात गुंडाळून आली. मी फडकं उलगडलं आणि आधी वास घेतला. लेक म्हणाली, “आई, लोक बघतायत.” बघू देत. ओल्या भिंतीला चुना लावल्यावर येतो तसा किंचित वास आणि त्याच्या मागून भाजलेल्या मक्याचा. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात. सकाळी साल सुटलेली असते. ती धुऊन दाणे ओलेच वाटतात. याला निश्तमाल म्हणतात आणि ही रीत हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, नाहीतर मक्याची भाकरी थापताना कडा कशा फाटतात हे जिनं थापली तिलाच विचारा. शिवाय मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं ते या चुन्यामुळेच. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये पुढे पेलाग्रा हा नियासिनच्या अभावाचा रोग पसरला. अन्न उचलायचं आणि ते शिजवणाऱ्या बाईला विचारायचं नाही, याची ती शिक्षा.

पुहोलची टॉर्टिया पातळ होती, कडेपर्यंत एकसारखी, पापुद्रा सुटलेला. म्हणजे तव्यावर फुगली होती. घडी घातली तर मोडली नाही. शंभरातले पंचाण्णव मार्क मी तिला तिथेच देऊन टाकले. पाच राखून ठेवले, सवय.

मग आला मोले माद्रे, म्हणजे आई-मोले. पांढरीशुभ्र ताटली. तिच्यावर जवळजवळ काळ्या मोलेचं मोठं वर्तुळ आणि त्याच्या पोटात तांबूस, ताज्या मोलेचं लहान वर्तुळ. बस्स. ना कोंबडी, ना भाजी, ना वर एखादं फूल. सोबत फक्त टॉर्टिया, जिच्यात ओहा सांताचं अख्खं पान दाबून भाजलेलं. हे पान मिरीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या विड्याच्या पानाची चुलतबहीण. बडीशेपेसारखा वास येतो. पान दिसल्यावर मला हसू आलं. इतक्या लांब येऊन पुन्हा चुना आणि पान.

काळा मोले दहा वर्षांहून अधिक जुना आहे. म्हणजे असं की तो कधी संपूच देत नाहीत. पुन्हा पुन्हा गरम करतात, नवा मोले त्यात मिसळतात आणि मुरवत ठेवतात. किती दिवस झाले याची मोजदाद ठेवलेली असते आणि वाढणारा तो आकडा सांगतो, हजारांत. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या केंद्रात विरजण असंच चालायचं, कालच्या दह्यातलं आज, आजच्यातलं उद्या. माझ्या सासूबाईंनी लावलेलं ते. मी केंद्र बंद केलं तेव्हा सगळ्यात वाईट त्या विरजणाचं वाटलं होतं.

खायची रीत सोपी. टॉर्टियाचा तुकडा तोडायचा आणि हातानं टिपायचं. आधी आतला, ताजा मोले खाल्ला. मिरची वेगळी कळते, दालचिनी वेगळी, फळांचा आंबटगोडपणा वेगळा. एकेक जण पुढे येऊन आपलं नाव सांगतो. मग बाहेरचा काळा. त्यात कुणीच आपलं नाव सांगत नाही. तिखट आहे, पण कुठून ते कळत नाही. गोड आहे, पण गूळ नव्हे. जळकं नाही, आणि तरी तव्याच्या बुडाशी गेलेलं काहीतरी त्यात आहे. जुन्या लोणच्यात मीठ, तेल, मोहरी हे हिशेब संपतात आणि नुसतं लोणचं उरतं, तसं. मी दोन्ही कालवून पाहिलं. कालवू नका. काळा ताज्याला गिळून टाकतो.

या ताटलीत आधुनिक काय, असा प्रश्न जावईबापूंनी विचारला. मला विचाराल तर काढून टाकणं. गावाकडच्या लग्नात मोले कोंबडीवर किंवा टर्कीवर ओततात, तो मानपान असतो, आणि मांस बघून मोलेकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथे मांसच उचलून ठेवलं. आता कालवणाला लपायला जागा नाही. ज्याला आपल्या कालवणाची खात्री नाही तो असं करायला धजावणार नाही, तो फेस करेल.

टॉर्टिया संपल्या आणि मोले उरला. अशा ठिकाणी मागावं की नाही कळेना, पण ताटलीत टाकणं मला जमत नाही. मी फडकं उचलून दाखवलं. मुलगा हसत आत गेला आणि गरमागरम टॉर्टिया घेऊन आला. राखून ठेवलेले पाच मार्क तेव्हाच दिले.

शेवटी चुरो येतो. तळलेला, साखरेत घोळवलेला, वेटोळा. छान असतो. मोलेनंतर मला तो नसता आला तरी चाललं असतं.

आता पैशांचं. माणशी तीन हजार पेसोंहून जास्त लागतात, पेयं वेगळी. मेक्सिकोत पदार्थाच्या छापील किमतीत कर धरलेलाच असतो. बक्षिशी ऐच्छिक, साधारण दहा ते पंधरा टक्के देतात. मुंग्या किंवा मासे चालत नसतील तर टेबल धरतानाच कळवा, आयत्या वेळी ताटकळू नका. आणि खिशाला झेपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मिशलिनच्या त्याच यादीत एक तारा सान राफाएल भागातल्या एल कालिफा दे लेओन नावाच्या टाकोच्या टपरीलाही आहे. १९६८पासूनची ती इवलीशी जागा, उभ्यानं खायचं. जावईबापूंनी तिथे बीफचा टाको खाल्ला, मी डुकराच्या चॉपचा. मांसाला मीठ आणि लिंबू, बाकी नखरा नाही. टॉर्टिया समोर थापून तव्यावर पडते. तिला नव्वद.

निघायच्या आदल्या दिवशी कोंदेसा भागातल्या ओल्वेरांच्याच छोट्या गिरणीत गेलो, मोलिनो एल पुहोल. तिथे गावोगावच्या देशी मक्याच्या टॉर्टिया मिळतात आणि निश्तमालचं ओलं पीठही. एक किलो पीठ घेतलं. लेकीकडे टॉर्टिया दाबायचं यंत्र आहे, पण मी परातीत थापली, भाकरीसारखी. पहिली जाड झाली. दुसरी फुगली. वाहाकाच्या बाजारातून आणलेला मोलेचा गोळा पाण्यात कालवून गरम केला आणि आम्ही तिघं ओट्यापाशी उभ्यानंच जेवलो. डबा घासताना लेक म्हणाली, “चार चमचे उरलाय, टाकू?” मी तो काचेच्या बरणीत भरून तिच्या फ्रिजमध्ये ठेवला आहे. पुढचा करेल तेव्हा त्यातच घालायला सांगितलंय.