पहिलं मॉडेल शूट: टेकडीवर की स्टुडिओत?

धाकट्या मावसभावाने कॅमेरा घेतलाय, कॉलेजातली मैत्रीण मॉडेल व्हायला तयार आहे. पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जावं की एखादा स्टुडिओ भाड्याने घ्यावा, इथे तो अडलाय. त्याला सांगितलं ते असं.

खर्चात टेकडी सरळ जिंकते. चेहऱ्यावर ऊन परतवायला रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलची पांढरी शीट पुरते. स्टुडिओचं भाडं तासावर, आणि नवख्याचा बराच वेळ लाइट लावण्यातच जातो.

प्रकाशाचं गणित वेगळं. सूर्योदयानंतर साधारण तासभर ऊन मऊ असतं, मग डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडू लागतात. पावसाळ्यात तर भरवसाच नाही. स्टुडिओत भर दुपारीही हवा तसा प्रकाश मिळतो. फक्त फ्लॅशबरोबर शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या फार पुढे नेऊ नकोस, फोटोत काळी पट्टी येते.

माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा मॉडेलची सोय. कपडे बदलायला आडोसा, स्वच्छतागृह, बघ्यांपासून सुटका, हे स्टुडिओत मिळतं. टेकडीवर फिरायला आलेले लोक थांबून बघतात, आणि ती अवघडली की खांद्यांत लगेच दिसतं. कुठेही जा, तिच्या ओळखीचं कोणीतरी सोबत असू दे. कपडे, पोझ आणि फोटो कुठे टाकणार, हे आधीच तिच्याशी बोलून ठरव.

एकाच पेहरावातले मोकळे, हसरे फोटो हवे असतील तर सकाळची टेकडी. तिला पोर्टफोलिओसाठी तीन-चार पेहराव हवे असतील, तर पैसे साठव आणि स्टुडिओ घे.