छोट्या गॅस कंपनीवरचा पेड रिपोर्ट घ्यावा का? (बडोदा)

अलकापुरीतल्या एका सल्लागाराकडून घेतलेला रिपोर्ट, एका छोट्या गॅस शोधणाऱ्या कंपनीवर. नावं मुद्दाम लिहीत नाही, ना त्याचं ना कंपनीचं. पाचपैकी दोन स्टार, ते पण नकाशांसाठी. ब्लॉक (गॅस शोधायला मिळालेलं क्षेत्र) कुठे, शेजारी कोणाच्या विहिरी, पाइपलाइन किती लांब, हे मस्त दाखवलंय.

घोळ आकड्यांत आहे. जाड अक्षरात जो गॅसचा आकडा दिलाय तो 'प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स'चा, म्हणजे अजून विहीर मारलेलीच नाही, नुसता सिस्मिकवरून (जमिनीत ध्वनिलहरी सोडून केलेल्या पाहणीवरून) अंदाज, आणि पुढच्याच पानावर त्याला गॅसच्या भावाने गुणून शेअरचं टार्गेट काढून मोकळे! आमच्या सोसायटीत ओएनजीसीतून रिटायर झालेले एक काका आहेत (मकरपुऱ्याच्या ऑफिसमुळे बडोद्यात असे काका गल्लोगल्ली सापडतात), त्यांनी ते पान बघून चष्माच काढून ठेवला. "अरे, ह्याला रिझर्व्ह (खात्रीने काढता येणारा साठा) नाही म्हणत, आधी विहीर तर मारू दे." गॅस लागला तरी टेस्टिंगमध्ये फ्लो किती, प्रेशर टिकतं का, हे कळायचं बाकीच असतं.

बरं हे मोठमोठ्यांचंही झालंय. जीएसपीसीच्या (गुजरात सरकारची गॅस कंपनी) केजी बेसिनमधल्या (आंध्रजवळचं कृष्णा-गोदावरी खोरं) ब्लॉकमध्ये २००५ मध्ये २० टीसीएफ (लाख कोटी घनफूट) गॅस असल्याचं जाहीर झालं होतं, पुढे गॅस काढायच्या प्रत्यक्ष प्लॅनमध्ये आकडा २ च्या आसपास उतरला आणि २०१७ मध्ये ८० टक्के हिस्सा ओएनजीसीला विकावा लागला. तिथे मागे सरकार होतं. निको रिसोर्सेस बघा, आपल्या हजीऱ्यात गॅस काढणारी कॅनडाची कंपनी, केजी-डी६ मध्ये (त्याच खोऱ्यातला रिलायन्सचा ब्लॉक) १० टक्के हिस्सा होता, शेअर १०० डॉलरच्या वर गेला होता. डी६ चं उत्पादन घसरलं, कर्ज डोक्यावर, आणि शेअर सेंटांवर आला.

आता माझी खरी तक्रार. कंपनीकडे कॅश किती आणि ती किती महिने पुरेल, यावर अख्ख्या रिपोर्टात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एकच ओळ: 'गरजेनुसार निधी उभारला जाईल'. म्हणजे काय तर नवे शेअर काढणार आणि आपला हिस्सा पातळ होणार. विहीर कोरडी निघाली की तो पैसा तिथेच गाडला, दुसरीसाठी परत राइट्स इश्यू (आहे त्याच भागधारकांना नवे शेअर विकून पैसे उभारणं). लागली तरी गॅस तेलासारखा सहज टँकर भरून विकता येत नाही, पाइपलाइनची जोडणी, प्रोसेसिंग, मंजुऱ्या, तोवर पगार आणि रिगचं (विहीर खोदायच्या यंत्राचं) भाडं कोण देणार? गॅसला भाव कुठला मिळणार तेही काँट्रॅक्टवर असतं, इथे एकच भाव धरून टाकलाय.

सर्व्हिस म्हणाल तर सेबी रजिस्ट्रेशन नंबर मागितल्यावर लगेच दिला, हे कबूल. पण कॅशचं विचारलं तर "लाँग टर्म बघा सर" आणि खाली रॉकेटची इमोजी. सल्लागाराचं सबस्क्रिप्शन रिन्यू करणार नाही, उरलेल्या महिन्यांचा रिफंड मागितलाय, अजून उत्तर नाही.