तुळशीबागेतलं झबल्या-टोपड्यांचं दुकान: तीन हजारांत बाळंतविडा

मी पिंपरीला राहते. चोवीस वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्यामुळे कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची सवय आहे. थोरलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होतं आणि बाळाच्या तयारीला हातात पैसे होते बरोबर ३००० रुपये. ते सरकारच्या मातृवंदना योजनेचे. गरोदर बाईला मिळणाऱ्या या मदतीचा पहिला हप्ता तिच्या खात्यात जमा झाला होता. अंगणवाडीच्या ताईंनी वेळेत नाव नोंदवलं म्हणून तो मिळाला. जावयांचं काम तेव्हा सुटलेलं, माझ्याकडे लग्नसराई संपल्यावरची मंदी. या तीन हजारांतच सगळं बसवायचं, असं मी आणि तिने ठरवलं.

डिसेंबरातल्या एका बुधवारी मेट्रोने पुण्यात मंडईला उतरले आणि चालत तुळशीबागेत गेले. ज्या दुकानाबद्दल लिहिते आहे, त्याची पाटी पुढच्या ताडपत्रीखाली झाकलेली असते, म्हणून खूण सांगते: बाहेर दोरीला कुंच्या टांगलेल्या, आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, गादीवर साठीच्या पुढचे काका आणि माल काढून द्यायला त्यांची सून.

त्याआधी मी दुसऱ्या एका दुकानात शिरले होते. तिथे बाळाचा तयार बॉक्स दाखवला, १२५० रुपयांचा. वर प्लॅस्टिकची खिडकी, आत गुलाबी कपडे पिनांनी ताणून लावलेले. उघडायला लावला. दोन झबली, एक टोपडं, एक लाळेरं, मोज्यांचा जोड, कंगवा, पावडर आणि दुधाची बाटली. झबली पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाची, गळ्यात आतून टोचणारं लेबल, लंगोट एकही नाही. बाटली पाहून मला खरंच राग आला. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे अंगणवाडीच्या ताईंनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे दवाखान्यात दर तपासणीला सांगतात. आणि इथे बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या सामानात बाटली! मी तो बॉक्स ठेवून बाहेर पडले.

काकांकडे गेल्यावर त्यांनी माल दाखवायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. दिवस कधी भरतात? घरात ऊन येतं का? धुणं हाताने की मशीनमध्ये? मी म्हटलं, जानेवारीचा शेवट, खोलीला ऊन सकाळी साडेनऊ ते अकरा, धुणं हाताने. ते म्हणाले, "ताई, मग लंगोट जास्त घ्या आणि झबली कमी. लहान मापाची तर अजून कमी. दीड-दोन महिन्यांत होईनाशी होतात." मी आठ झबली मागितली होती. त्यांनी सहाच बांधायला लावली, दोन सगळ्यांत लहान, शून्य नंबरची, आणि चार त्याहून मोठी, एक नंबरची. स्वतःची विक्री कमी करणारा दुकानदार मला क्वचित भेटतो.

आता माल. झबली मलमलची, पुढे बांधायचे बंद (नाड्या) असलेली, ५५ रुपयांना एक. शिवण बाहेरच्या बाजूला आहे, आत बाळाच्या अंगाला काही लागत नाही. आमच्या आज्या तशीच शिवायच्या. कापड उजेडात धरलं, विण सारखी. ओला रुमाल घासून पाहिला, रंग सुटला नाही. पण बंद एकाच टिपेवर जोडलेले आहेत. दोन झबल्यांचे बंद पहिल्याच धुण्यात निघाले. मी पाच मिनिटांत पक्के केले, पण ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनी घेतानाच बंद ओढून पाहावेत.

लंगोट तयार २५ रुपयांना एक. इलॅस्टिक नाही, नाडीचे, त्रिकोणी. एक डझन घेतले, ३०० रुपये. बाकीसाठी काकांनी तागा काढला: तेच कापड, ५५ रुपये मीटर, पन्हा ४४ इंच. चार मीटरचे २२० झाले. त्यात ५५ सेंटिमीटरचे चौदा चौकोन निघतात, प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर दुमडला की दुहेरी लंगोट. नाड्या घरच्या कातरणीतून केल्या. म्हणजे एक लंगोट सोळा रुपयांच्या आत पडला. घरात किंवा शेजारी शिलाई मशीन असेल तर कापडच घ्या.

डायपरचा हिशेबही तिथेच उभ्या उभ्या केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरी दहा रुपयांना एक धरला आणि दिवसाला आठ, तर महिन्याचे २४०० होतात. आमचा बहुतेक हप्ता एका महिन्यात कचऱ्यात गेला असता.

बाकीचं भराभर सांगते. कुंची १६०, टोपडी चार १२०ची, हातमोजे-पायमोजे तीन जोड १२०, दुपटी दोन २८०, मेणकापड दोन मीटर १८०, छत्रीची मच्छरदाणी २९०, मऊ पंचे दोन १४०. दुपटी दोनच, कारण माझ्या आईची जुनी सुती लुगडी घरात होती. एकात चार थर घालून बाळाची गोधडी झाली, एकाची दुपटी फाडली. तसली मऊ वस्तू कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. मोहरीची उशीही काकांनी काढून दाखवली, डोक्याला आकार येतो म्हणाले. ती मी घेतली नाही. बाळाला उशी द्यायची नाही, असं दवाखान्यातल्या सिस्टरनी स्पष्ट सांगितलं होतं. नको म्हटल्यावर काकांनी आग्रह धरला नाही.

एकूण २१४० रुपये झाले. घासाघीस करून वरचे चाळीस सुटतात का पाहिलं, सुटले नाहीत. भाव ठाम आहेत, पण लावतानाच रास्त लावलेले आहेत. उरलेल्या ८६० रुपयांत मंडईतून अळीव, डिंक, खारीक आणली. बाळंतिणीच्या लाडवांना कात्री लावून बाळाचे कपडे घ्यायचे नाहीत, हे माझं आधीपासून पक्कं होतं.

या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आता सांगते. आमच्या विहीणबाई बाळ यायच्या आधी नवे कपडे घरात आणू देत नाहीत. त्यांची एक पोर जन्मतःच गेली होती, तयार ठेवलेलं सगळं सामान तसंच राहिलं होतं. त्यांच्याशी वाद घालायचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. काकांना हे सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. सगळं सामान जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलं, वर चिठ्ठी लावली, ५०० रुपये आगाऊ घेऊन पावती दिली आणि म्हणाले, "बाळ आल्यावर न्या. कमी-जास्त झालं तरी पैसे परत देईन." अशी आणखी सात-आठ गाठोडी त्यांच्या माळ्यावर होती. कापड मात्र मी घरी आणलं, कारण कापड म्हणजे कपडे नव्हेत, असं विहीणबाईंनीच सांगितलं. दोनदा धुऊन खळ काढून ठेवलं, कात्री लावली नाही.

पोरीची पोर जानेवारीच्या अठ्ठाविसाव्या तारखेला पहाटे झाली. सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाचा एक रुपया लागला नाही. वजन २ किलो ४०० ग्रॅम. अडीचच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, म्हणून सिस्टरनी तिला आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून ठेवलं, डोक्यावर टोपडं, पायात मोजे. ते दिवस शेजारणीच्या नातवाच्या उकळून घेतलेल्या जुन्या कपड्यांवर निघाले. त्याच रात्री घरी येऊन मी चौदा लंगोट शिवले. मशीन पहाटे तीनला बंद केलं.

तिसऱ्या दिवशी जावई उरलेले १६४० देऊन गाठोडं घेऊन आले. एकही वस्तू कमी नव्हती. धुऊन पाचवीला नवं झबलं घातलं तर शून्य नंबरही अंगात तरंगत होतं. दोन्ही बाजूंनी टिपा मारून घेतल्या, आता त्या उसवल्या आहेत. सव्वीस लंगोट दोन महिने पुरले. फेब्रुवारीत दोनदा आभाळ आलं तेव्हा मात्र शेवटच्या तीनवर आलो होतो. रात्रीला कपडे कमी पडू द्यायचे नसतील तर तीस धरा.

एक तक्रार मोठी आहे आणि ती मी दुकानात फोन करून सांगितली. हातमोज्यांच्या आतल्या बाजूला सुटे धागे होते. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं, बोट सुजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. मी तिन्ही जोड उलटे करून धागे कापले, मग पोरीने नखं कापत राहू म्हणून हातमोजे घालणंच सोडलं. कुठल्याही दुकानातले घ्या, आधी उलटे करा. काकांच्या सुनेने ऐकून घेतलं आणि पुढचा माल तपासून लावते म्हणाली. मच्छरदाणीची एक काडी आठवड्यात वाकली, ती बदलून मिळाली.

जायचं तर रविवार टाळा, अकराच्या सुमाराला जा, पिशवी घरून न्या. जन्मनोंद झाली आहे. साडेतीन महिन्यांच्या लशी पूर्ण झाल्या की योजनेचा २००० रुपयांचा दुसरा हप्ता येईल. तोवर मे उजाडलेला असेल आणि पोरीला बिनबाह्यांची झबली लागतील. तीही त्याच दुकानातून घेणार आहे, पण या वेळी पैसे देण्याआधी प्रत्येक बंद ओढून बघेन.