रेओमूर ते रँकिन: थेट सूत्र की केल्विनमार्गे?

रेओमूर (पाणी ० वर गोठतं, ८० वर उकळतं), रँकिन (निरपेक्ष शून्यापासून फॅरनहाइटच्या अंशांत मोजणारी) आणि केल्विन (निरपेक्ष शून्यापासून सेल्सिअसच्या अंशांत मोजणारी) या तापमान मोजायच्या पद्धती. जुन्या नोंदींतले रेओमूर अंश रँकिनमध्ये आणायचे, तर थेट सूत्र बरं की आधी केल्विन काढावं, असा प्रश्न एकाने विचारला.

मेहनत थेट सूत्रात कमी. रेओमूर गुणिले २.२५, अधिक ४९१.६७, म्हणजे २४ चे ५४५.६७. केल्विनमार्गे आधी ३०३.१५, मग गुणिले १.८. उत्तर तेच.

पण केल्विन धरून सहा मापनपद्धती असल्या की थेट सूत्रं ३० होतात, केल्विनमार्गे १०च. त्यात अठराव्या शतकातली डेलिल पद्धत उलटी: पाणी ० वर उकळतं, १५० वर गोठतं! मधला केल्विन आकडा समोर असला की असा घोळ लगेच दिसतो. फक्त तो मध्येच पूर्णांकात आणू नका.

एकाच जोडीचा लांबलचक तक्ता असेल तर थेट सूत्र. सरमिसळ नोंदींना केल्विनच. तापमानातला फरक बदलताना मात्र ४९१.६७ मिळवायचे नाहीत, नुसतं २.२५ ने गुणायचं.