परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर १८ टक्के जीएसटी: कोल्हापुरातल्या म्युझिक करिअर मेळाव्यात आम्ही असे फसलो

नऊ जणांचे मिळून ₹१,६४,३५१ गेले. अंदाज नाही, पावत्या समोर ठेवून केलेली बेरीज आहे. शाहूपुरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार ‘संगीत क्षेत्रात नोकरी’ म्हणून मेळावा भरला होता. आयोजकांचं नाव लिहीत नाही. गुन्हा अजून नोंदलाच गेलेला नाही आणि नाव छापलं तर उलट आम्हालाच नोटीस येईल, असं वकील म्हणाले. पण पद्धत सगळी लिहितोय, कारण हेच लोक उद्या सांगलीत नाहीतर साताऱ्यात दुसऱ्या नावानं हॉल घेतील.

पैसे चार टप्प्यांत काढले. प्रवेश ₹२९९, नऊही जणांनी भरले. आत ‘आवाज व कौशल्य तपासणी’, ₹२,००० अधिक जीएसटी, म्हणजे ₹२,३६०. हेही नऊही जणांनी. वीस मिनिटांत निवड झाल्याचं पत्र हातात, आणि त्यासोबत ‘प्लेसमेंट डिपॉझिट’ ₹१५,००० अधिक जीएसटी, एकूण ₹१७,७००, सहा महिन्यांनी परत. ते सात जणांनी भरले. चौथा टप्पा गाणं रिलीज करण्याचा आणि आयएसआरसी कोडचा (रेकॉर्डिंगच्या ओळख क्रमांकाचा), ₹४,१३०. त्यात चौघे गेले. नऊच्या नऊ निवडले गेले, एकही नापास नाही. तिथंच उठायला हवं होतं.

आम्ही अडाणी नव्हतो. दोघे संगीत विशारद, एक दहा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा, दोघे गणपती-उरुसात साउंडचं काम करणारे, एकाचा रोजचा धंदाच टॅलीवर बिलं करायचा. बाकीची पोरं कागल-गडहिंग्लजकडची, घरच्या उसाच्या बिलातून पैसे घेऊन आलेली. समोर बॅनर, लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्रं, जीएसटीची छापील पावती. पावती पाहूनच विश्वास बसला, आणि सगळं लबाडीचं त्या पावतीवरच होतं.

परत करायच्या अनामत रकमेवर जीएसटी लागत नाही. ती रक्कम कुठल्या सेवेची किंमत नसते, नुसती ठेव असते. पावतीवर ‘परतावा डिपॉझिट ₹१५,०००’ आणि त्याच्या खालच्याच ओळीत ‘जीएसटी १८ टक्के ₹२,७००’. दोन्ही ओळी एकमेकींना खोटं पाडतात. डिपॉझिट असेल तर कर कसला? आणि कर घेतला असेल तर ते डिपॉझिट नव्हे, फी आहे. ती परत येणार नाही. बिलं करणाऱ्या आमच्या मित्रानं ती पावती दोन मिनिटं हातात धरली होती. रांग मागून ढकलत होती, टेबलावरचा माणूस ‘आजच्या दिवसाच्याच जागा’ म्हणत होता. त्यानं फक्त बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

तीच पावती पुढं वाचा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कोणाचा. ‘पी’ म्हणजे एकटी व्यक्ती, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी फर्म. जीएसटी नंबरात ते सहाव्या जागी येतं. बॅनरवर मोठ्या अक्षरात प्रायव्हेट लिमिटेड, आणि पावतीवर सहावं अक्षर ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. आम्ही तो पंधराव्या दिवशी टाकला. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, तेही एका माणसाचंच आलं होतं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ असं उत्तर मिळालं आणि आम्ही पिन दाबला.

साउंडच्या टेबलावरचं तर लिहिताना लाज वाटते. २१ दिवसांत लाइव्ह साउंड इंजिनियर करणार होते. टेबलावर मिक्सर मांडला होता, त्याच्या मागच्या बाजूला एकही केबल लावलेली नव्हती. मुलाखत घेणाऱ्यानं गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा) आणि फेडर (तो पुढं किती सोडायचा) यातला फरक विचारला नाही, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला फीडबॅक, म्हणजे शिट्टी आली तर काय कराल हे विचारलं नाही. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून माइकला जाणारी वीज, किती व्होल्टची, हे आमच्यातल्या एकानंच त्याला विचारलं, तर ‘ते ट्रेनिंगमध्ये येईल’. ४८ व्होल्ट, कंडेन्सर माइकला लागतात; हे आपल्याकडच्या कुठल्याही साउंडवाल्याच्या हेल्परला ठाऊक असतं. काम शिकायचं तर साउंडवाल्याकडं एक हंगाम केबल गुंडाळा, स्टेजवरून मिक्सरपर्यंत कुठली लाइन कुठं जाते ते पाठ करा. त्याला डिपॉझिट लागत नाही, उलट दिवसाची मजुरी मिळते.

आयएसआरसीचं पण समजून घ्या. हा १२ अक्षरांचा कोड एका रेकॉर्डिंगची ओळख असतो. गाणं कोणाच्या मालकीचं हे तो सिद्ध करत नाही, आणि गाणं ऑनलाइन टाकणारे बहुतेक वितरक तो स्वतःच लावून देतात. टेबलावर मात्र ‘हा कोड म्हणजेच कॉपीराइट’ असं सांगितलं गेलं. कॉपीराइटची नोंदणी वेगळी, सरकारी कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन होते. संगीतरचनेला ₹५००, ध्वनिमुद्रणाला ₹२,०००. चौघांकडून फॉर्मवर सही घेतली, त्यात ‘सर्व हक्क कायमचे, रॉयल्टीशिवाय’. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हिस्सा असा लिहून घेता येत नाही, पण सही झाल्यावर भांडायला लागतंच. मूळ ट्रॅक वेगवेगळे करून कोणाला पेनड्राइव्हवर देऊ नका. दोघांनी दिले.

दोघांना दुबईच्या हॉटेलातल्या बँडचं पत्र दिलं. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेला लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, आणि त्याला जास्तीत जास्त ₹३०,००० अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. यांचं नाव यादीत नाही.

बाराव्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप बंद, फोन बंद. मग सुरू झाली हेलपाट्यांची जत्रा. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दुसऱ्यांदा, खातं मुंबईचं आहे, मुंबईला जा. हे साफ चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, आणि फसवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. कलम दाखवलं तर ‘आम्हाला कायदा शिकवू नका’. हॉटेलवाला म्हणतो, हॉल कोणी घेतला ते सांगायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी नाव आणा, मग पत्र देतो. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, नंबर मिळाला, पुढं फक्त ‘प्रक्रियेत’. ती हेल्पलाइन लगेच कळवलं तर उपयोगाची, तेव्हा समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. पंधरा दिवसांनी खात्यात काय उरणार? आम्ही वाट बघत बसलो, ग्रुपवर ‘सोमवारी जॉइनिंग’ असे मेसेज येत होते म्हणून. त्या सोमवारांनी आमचे दिवस खाल्ले.

या गावात देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून आहे, शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे. मेळाव्याचं पत्रक घेऊन तिथं एक चक्कर मारली असती तर दहा मिनिटांत कोणीतरी सांगितलं असतं की नोकरी देणारा पगार देतो, पावती देत नाही. आम्हाला वाटलं, विचारलं तर लोक म्हणतील, एवढी वर्षं वाजवतोय आणि अजून नोकरी शोधतोय.

आता कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं तक्रार पाठवली आहे. तिथंही दाद लागली नाही तर त्याच कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. त्या मेळाव्याच्या पावत्या ज्यांच्याकडं असतील त्यांनी फाडू नका, व्हॉट्सॲप चॅट पुसू नका, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवा. थर्मल कागदावरच्या प्रवेश पावत्यांची शाई उडते. आमच्या तीन पावत्या कोऱ्या झाल्या आहेत, तुमच्या आजच झेरॉक्स करून घ्या.