ताटाचे फोटो, पावडरचे डबे आणि वहिनीचे गेलेले पैसे

गोव्यात डिचोली, साखळी, म्हापसा या भागात 'मोफत वजन तपासणी' आणि 'रोजच्या जेवणाची नोंद आम्ही ठेवतो' असं सांगणारे कोच सध्या फिरताहेत. अशाच एका बाईकडे माझ्या वहिनीचे २६ हजार रुपये गेले. पैशांचं एक वेळ सोडून देऊ, पण प्रकरण वहिनीच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चवथीच्या दिवसांत नेवऱ्या-पातोळ्या खाऊन झाल्या की सगळ्यांनाच वजनाची काळजी लागते. त्या बाईचं वजन तपासणीचं शिबिर नेमकं तेव्हाच भरलं होतं. वेळ संध्याकाळची. बायका घरून चहा-फराळ करून, भरजरी साड्या नेसून आलेल्या. त्याच अवस्थेत वजन घेऊन कार्डावर लिहिलं गेलं. तीन महिन्यांचं पॅकेज १८ हजारांचं. पैसे संस्थेच्या खात्यावर नाहीत, बाईच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर पाठवायचे. बिल मागितलं तर म्हणे, "ॲपमध्ये येईल ताई." ते कधीच आलं नाही.

मग रोजचा क्रम सुरू झाला. प्रत्येक जेवणाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि थोड्या वेळाने कोचकडून कॅलरीचा आकडा यायचा. दिवसाची मर्यादा १२०० ठरवून दिली होती आणि वहिनीचा आकडा रोज न चुकता त्याच्या वर जायचा. "एवढं हुमण (नारळाच्या वाटणाचं माशांचं कालवण)? नारळ बंद करा ताई. रात्री जेवू नका, शेक घ्या." शेकच्या पावडरचा डबा ४ हजारांचा. असे दोन डबे घेतले.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचं कार्डावर दिसलं आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यात दोन किलो चरबी जायची तर शरीराला लागतात त्यापेक्षा रोज २,२०० कॅलरी कमी खाव्या लागतील. वहिनीचं दिवसभराचं सगळं खाणंच तेवढं नव्हतं. मग उतरलं काय? पहिलं वजन संध्याकाळचं, भरल्या पोटी आणि जड साडीत. नंतरची सगळी सकाळची, उपाशीपोटी, गाऊनवर. वजन दिवसभरात एक-दोन किलोंनी सहज हलतं. शिवाय भात एकदम कमी केला की शरीरातलं पाणी जातं, तेही काट्यावर दिसतंच. बायका मात्र त्या आकड्यावर विश्वास ठेवून मैत्रिणींना घेऊन येतात.

आता मुख्य गोष्ट. वहिनीला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "काही हरकत नाही, शेकने शुगरपण खाली येते." ही गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. एका पहाटे वहिनी घामाने भिजलेली, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. दादाने ग्लुकोमीटर लावला तर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका. त्याने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि इस्पितळात नेलं. शुद्ध होती म्हणून पाजता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, १०८ ला फोन करायचा.

त्यानंतर मी वहिनीच्या फोनवरून एक गोष्ट करून पाहिली. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण आणि भेंडीची भाजी असलेलं जुनंच ताट पुन्हा ग्रुपवर पाठवलं. फोटो तोच. आधी त्याला ६४० चा आकडा आला होता, आता आला ९१०, आणि खाली शेकची आठवण. म्हणजे मोजत कोणीच नव्हतं. खरं तर फोटोवरून हुमण मोजता येतच नाही. शिजलेल्या भाताच्या वाटीला साधारण २०० कॅलरी धरता येतात, पण वाटणात नारळ किती गेला, फोडणीला तेल किती पडलं, हे फोटोत कुठे दिसतं? चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी. ते घालणाऱ्यालाच माहीत.

डब्याकडेही तेव्हाच नीट पाहिलं. आपल्याकडे खाद्यपदार्थाच्या डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक लागतो. इथे त्या जागी एक स्टिकर होता आणि त्यावर फक्त कोचचा फोन नंबर.

जाब विचारल्यावर "रिझल्ट प्रत्येकाच्या बॉडीवर अवलंबून असतो" एवढंच उत्तर आलं आणि वहिनीला ग्रुपमधून काढून टाकलं.

जेवणाची नोंद ठेवणं वाईट, असं कोणी समजू नये. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनीही वहिनीला वही ठेवायलाच सांगितलं. फरक एवढाच की ती वही वहिनीची आहे, तिच्याच हातात आहे. किती वाजता खाल्लं, किती वाट्या, चहात साखर किती, आठवड्याला तेलाची पिशवी किती संपली, एवढंच ती लिहिते. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हुमण बंद झालेलं नाही, नारळ थोडा कमी झाला. गोळीचा डोस डॉक्टरांनी जेवणाप्रमाणे बदलून दिला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणसुद्धा सोडू नये. हात जोडून सांगते.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि डबा बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. तुमच्यापैकी कोणी अशा ग्रुपमध्ये असाल तर रागाच्या भरात चॅट पुसू नका. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, वजनाचं कार्ड, रिकामा डबा, सगळं जपून ठेवा. आमच्या तक्रारीला आम्ही हेच जोडलं आहे.