एक बटण की अनेक बटणं?

१९८३ च्या ॲपल लिसा या संगणकासोबत एकाच बटणाचा माउस आला. त्यामागचा विचार मला आजही पटतो: कोणतं बटण दाबायचं, हा प्रश्नच उरत नाही. संगणकासमोर पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला हा मोठा दिलासा. पण ॲपलच्या मॅक संगणकावर अशा एका बटणाच्या माउसने उजव्या क्लिकचा मेनू हवा असेल तर कंट्रोल की धरून क्लिक करावं लागतं, म्हणजे दुसरा हातही गुंतला. रोज तासन्‌तास काम असेल तर मी दोन बटणं आणि चाक असलेलाच माउस घेईन. चाक दाबून लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची सवय एकदा लागली की सुटत नाही! बाजूला डझनभर बटणं असलेले माउस गेम खेळणाऱ्यांसाठी ठीक. खुद्द ॲपलनेही २००५ मध्ये अनेक बटणांचा माउस आणलाच.